गुणही मिळवा, गुडघेही राखा



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे पिकलबॉल वारंवार डोकावतो. सोसायटीत कोर्ट झालंय, वय पन्नाशीपुढे आहे, गुडघे कुरकुरतात, तर खेळावं का? रोज खेळतो, पण हरतोच जास्त आणि वर कोपरही दुखायला लागलंय, काय करू? काही पत्रं बायकोने नवऱ्याबद्दल लिहिलेली असतात: समजावून थकले, पण हे प्रत्येक चेंडूमागे धावतातच, आता तुम्हीच सांगा. सगळ्यांना मिळून आज उत्तर देते. त्या नवरेमंडळींनी हे पान जरूर वाचावं.

खेळावं का, याचं उत्तर 'हो'. घाम येईल, हसू येईल आणि रोज भेटायला चार माणसं मिळतील असा व्यायाम साठीच्या आसपास सहज सापडत नाही. चालायला जा म्हटलं की पावसापासून कुत्र्यांपर्यंत सगळी कारणं सांगणारे माझे पेशंट पिकलबॉलसाठी पहाटे साडेपाचला बूट घालून तयार असतात. याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र हाडांची डॉक्टर म्हणून एक गोष्ट माझ्या चांगलीच लक्षात आली आहे. या खेळात ज्या चुकांनी गुण जातो, बहुतेक त्याच चुकांनी अंग दुखावतं. त्यामुळे नीट खेळायला शिकणं हाच दुखापत टाळण्याचा सगळ्यात चांगला मार्ग आहे, आणि आज मी मलमांपेक्षा फटक्यांबद्दलच जास्त बोलणार आहे.

हा खेळ १९६५ साली अमेरिकेत, सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जन्मला. सुट्टीत कंटाळलेल्या घरच्या मंडळींसाठी जोएल प्रिचर्ड आणि त्यांच्या मित्रांनी घरच्या बॅडमिंटन कोर्टावर, हाताशी असलेल्या सामानातून तो जुळवला. आपल्याकडे तो आणण्याचं श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकर यांना जातं. कोर्ट अजूनही बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढंच आहे, ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद. जाळी मात्र मध्यभागी जेमतेम ३४ इंच उंच असते.

कोर्ट तेच असल्यामुळे आपल्याकडे बॅडमिंटन खेळून आलेले लोक इथे पहिल्या दिवसापासून निर्धास्त असतात. माझ्याकडे कोपर धरून येणाऱ्यांत हेच लोक बरेच असतात. बॅडमिंटनची रॅकेट शंभर ग्रॅमच्याही आत असते, तिच्याने मनगटाचा झटका खपून जातो. पिकलबॉलचं पॅडल सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. तोच झटका या वजनाने तासभर मारत राहिलात, की कोपराच्या बाहेरच्या बाजूला, मनगट मागे उचलणारे स्नायू जिथे हाडाला चिकटतात तिथे, कळ सुरू होते. चहाचा कप उचलतानाही ती जाणवते. हाच टेनिस एल्बो. टेनिसच्या कोर्टावर कधी पाऊल न टाकलेल्यांनाही तो होतो. क्रिकेटवाल्यांची तऱ्हा वेगळी. ते खांद्यातून असा काही फटका ओढतात की चेंडू शेजारच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पोहोचतो आणि वरच्या काकू तो परत टाकेपर्यंत खेळ थांबतो. इथे त्या फटक्याला षटकार मिळत नाही, तो चेंडू 'आऊट' असतो. सर्वांत लवकर रुळतात ते टेबल टेनिसवाले, कारण हात आवरायची सवय त्यांना आधीपासून असते.

तेव्हा पहिली सुधारणा पकडीत करा. पॅडल जितकं घट्ट धरता येईल त्याला दहा मानलं, तर बहुतेक वेळ पकड तीन-चारवर असावी. मूठ आवळली की चेंडूचा हादरा थेट कोपरात जातो आणि चेंडूही ताब्यात राहत नाही. मनगट स्थिर ठेवा, फटका खांद्यातून आणि वाकलेल्या गुडघ्यांतून येऊ द्या.

आता डावाकडे वळू. सर्व्हिस कमरेखालून, तिरप्या चौकोनात, शक्य तितकी खोल टाका. तिच्यावर गुण मिळवायची घाई नको. त्यानंतरचा नियम हा या खेळाचा गाभा आहे: सर्व्हिसचा चेंडू समोरच्याने टप्पा पडू देऊनच मारायचा आणि त्याने परतवलेला चेंडू तुम्हीही टप्प्यानंतरच घ्यायचा. त्याआधी कुणी हवेतल्या हवेत मारायचा नाही. म्हणजे सर्व्हिस करणाऱ्या जोडीने मागच्या रेषेजवळच थांबायला हवं. नवखी मंडळी सर्व्हिस केली की उत्साहाने पुढे धावतात, चेंडू येतो नेमका पायाशी, मग जागच्या जागी ब्रेक मारून मागे सरकावं लागतं. गुण जातो तो इथे आणि पोटरीचा स्नायू धरतो तोही इथेच. एवढी एक सवय सोडलीत तरी फरक दिसेल.

सर्व्हिस परतवणाऱ्याने मात्र चेंडू उंच आणि खोल पाठवावा. चेंडू हवेत जितका रेंगाळेल तितका वेळ तुम्हाला पुढे जायला मिळतो. धावत सुटायची गरज नाही, भराभर चालत पोहोचता येतं. जाळीपासून सात फुटांवर जी रेषा असते तिच्या आतल्या पट्ट्याला खेळाडू 'किचन' म्हणतात. तिथे पाय ठेवून टप्पा न पडलेला चेंडू मारता येत नाही. फटका बाहेरून मारला आणि त्याच्या जोरात तोल जाऊन आत पाऊल पडलं, तरीही चूक धरतात. टप्पा पडलेला चेंडू घ्यायला मात्र खुशाल आत जा आणि लगेच बाहेर या. घरच्या स्वयंपाकघरातही गरज नसताना घुटमळणाऱ्यांना हा नियम समजायला जड जाऊ नये!

या रेषेच्या बाहेर, जोडीदाराच्या बरोबरीने उभं राहणं म्हणजे निम्मा सामना जिंकणं. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे थोडे वाकलेले, वजन चवड्यांवर आणि पॅडल छातीसमोर. असं उभं राहिल्याने फटका लवकर बसतो आणि चेहराही वाचतो. जाळीजवळ समोरासमोर उभे असताना जोराचा चेंडू पापणी लवायच्या आत येतो. डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा होऊ शकते, आत रक्तस्राव होऊ शकतो, पडदाही सरकू शकतो. खेळाच्या दुकानात पॉलिकार्बोनेटचे चष्मे मिळतात, ते घ्या. रोजचा काचेचा चष्मा घालून खेळणं धोक्याचं आहे, तो फुटला तर तुकडे डोळ्यातच जातात.

पुढे आलात की जोर विसरायचा आणि 'डिंक' खेळायचा. झोपलेल्या बाळाच्या अंगावर दुपटं टाकावं इतक्या हलक्या हाताने चेंडू जाळीवरून समोरच्यांच्या किचनमध्ये सोडायचा. तो खाली पडतो, त्यांना खालून वर उचलावा लागतो, त्यामुळे जोराने मारता येत नाही. शक्यतो तिरपा सोडा. तिरपं अंतर जास्त असतं आणि जाळी मध्येच सर्वांत खाली असते, म्हणून चुकीला जागा मिळते. खोलवरून मारलेला तिसरा फटकाही असाच अलगद टाकायला शिका. तो चेंडू किचनमध्ये उतरला की तुम्हाला पुढे यायला सवड मिळते. हे दोन फटके बसले की साठीची जोडी पंचविशीच्या जोडीला घाम फोडते. मी हे पाहिलेलं आहे आणि ते पाहताना फार मजा येते. तरण्यांना वाट बघवत नाही, चौथ्या-पाचव्या डिंकनंतर ते वैतागून जोरात मारतात आणि चेंडू जाळीत तरी जातो नाहीतर बाहेर. बाहेर जाणारा चेंडू ओळखायलाही शिका. जाळीजवळ उभे असताना खांद्याच्या वरून वेगाने येणारा चेंडू बहुधा रेषेबाहेर पडतो. त्याला पॅडल लावू नका, गुणही मिळेल आणि खांद्यालाही विश्रांती.

समोरच्या दोघांच्या मधोमध टाकलेला चेंडू हे हुकमी अस्त्र आहे, विशेषतः समोर नवरा-बायको असतील तर. दोघंही एकमेकांकडे बघतात, "मला वाटलं तू घेशील" हे वाक्य ऐकू येतं आणि गुण तुमचा होतो. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून प्रत्येक चेंडूला मोठ्याने 'माझा' किंवा 'तुझा' म्हणा. हा नियम मी डॉक्टर म्हणूनही कळकळीने सांगते, कारण एकाच चेंडूवर झेपावलेल्या दोघांची टक्कर झाली की दात, भुवई किंवा बोट यांपैकी काहीतरी फुटतंच.

सगळ्यात जास्त जीव तोडून सांगायचं आहे ते डोक्यावरून गेलेल्या उंच चेंडूबद्दल. तो दिसला की माणूस नजर चेंडूवर ठेवून उलट्या पावलांनी मागे पळतो. टाच अडते, तोल मागे जातो, आणि आपण सगळेच पडताना हात मागे टेकवतो. शरीराचा भार त्या मनगटावर येतो आणि हाड मोडतं. मासिक पाळी थांबलेल्या स्त्रियांची हाडं ठिसूळ होत असतात, त्यांचं मनगट तर फार पटकन मोडतं. डोकं आपटलं तर प्रकरण आणखी गंभीर. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील आणि डोकं आपटलं असेल, तर बरं वाटत असलं तरी हॉस्पिटल गाठायचंच. उलटं पळायचं नाही, हे आजपासून ठरवा. चेंडू वर गेला की आधी कुशीला वळा, मग पाठीमागे तोंड करून धावा. त्याहून सोपं म्हणजे तिरप्या बाजूच्या जोडीदाराने तो चेंडू घ्यावा आणि तुम्ही बाजू बदलावी. आणि दोघांनाही पोहोचता येणार नसेल तर सोडून द्या. डाव अकराचा असतो, एक गुण गेला तर बिघडत नाही. प्लास्टर सहा आठवड्यांचं असतं.

दुसरी मोठी काळजी टाचेच्या मागच्या जाड कंडरेची, अकिलीस टेंडनची. वयाबरोबर तिची लवचिकता कमी होते, आणि आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी सकाळी अचानक पुढे झेप घेतली की ती तुटू शकते. मागून कुणीतरी पोटरीवर लाथ मारली असं वाटतं आणि माणूस वळून बघतो, तर मागे कुणीच नसतं. कधी फट् असा आवाजही येतो. यानंतरही थोडं चालता येतं, म्हणून लोक मुरगळलं असेल समजून मालिश करतात आणि महत्त्वाचे दिवस वाया घालवतात. त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे या. आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. लघवीच्या किंवा इतर जंतुसंसर्गासाठी दिल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या औषधांनी ही कंडरा तुटण्याचा धोका वाढतो. साठीच्या पुढे, आणि सोबत स्टिरॉइड असेल तर जास्तच. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, पण लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही खेळता हे सांगा आणि परत कधी खेळायचं ते विचारून घ्या.

ही कंडरा बळकट करायला जिन्याची एक पायरी पुरते. कठड्याला धरून चवडे पायरीवर आणि टाचा बाहेर ठेवा. दोन्ही पायांनी वर उठा आणि टाचा अगदी सावकाश पायरीच्या खाली न्या. दहा-पंधरा वेळा, दिवसाआड. सकाळी दात घासताना भिंतीजवळ आळीपाळीने एकेका पायावर उभं राहा, तोल सुधारतो. कोर्टावर उतरण्याआधी पाच-सात मिनिटं भराभर चाला, बाजूला पावलं टाका, खांदे फिरवा, मग चार-सहा अलगद डिंक खेळून डाव सुरू करा.

बुटांबद्दल थोडक्यात. चालायचे किंवा पळायचे बूट सरळ रेषेत जाण्यासाठी केलेले असतात, बाजूला सरकताना त्यांचा जाड तळवा कलंडतो आणि घोटा मुरगळतो. बॅडमिंटन किंवा टेनिसचे बूट घ्या. पावसाळ्यात गच्चीवरचं कोर्ट ओलसर असेल तर त्या दिवशी खेळ बंद. शेजारच्या कोर्टावरचा चेंडू पायात आला तर 'बॉल' असं ओरडून लगेच थांबा.

सुरुवात दिवसाआड पाऊण तासाने करा. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर उपाशीपोटी खेळू नका, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. हात थरथरले, दरदरून घाम फुटला तर आधी ते तोंडात टाका. चाळिशी उलटली असेल आणि रक्तदाब, मधुमेह, तंबाखू किंवा घरात हृदयविकार यांपैकी काहीही असेल, तर खेळ सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.

आणि खेळताना छातीवर दाब आला, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरलं, थंड घाम आला किंवा दम लागून थांबेना, तर ॲसिडिटी म्हणून पाणी पिऊन पुढची सर्व्हिस करू नका. डाव १०-१० वर असला तरी तिथेच खाली बसा आणि कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.