बुटाचा ठसा

पाउलखुणेवरून माणूस ओळखतां येतो, असें आम्ही रहस्यकथा वाचून समजत होतों. वस्तुतः तीवरून आधीं बूट ओळखावा लागतो, आणि तेंही सोपें नसतें.

१९९४ सालच्या जून महिन्यांत अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं दोन खून झाले. वाटेवर रक्ताळलेल्या बुटांचे ठसे होते. तळाची नक्षी स्पष्ट होती. पण ती कोणत्या बुटाची, हें एफ. बी. आय. च्या संग्रहावरून कळेना. तेथील तज्ज्ञ विल्यम बोडझिआक यांनीं कारखानदारांकडे चौकशी चालविली, तेव्हां इटलींतील सिल्गा कारखान्यांत तो तळ सांपडला. ब्रूनो माली नांवाच्या महागड्या बुटांस तो लावीत. साच्यांशीं ठसे ताडून माप १२ ठरलें.

आरोपी ओ. जे. सिम्प्सन याचें मापही १२ च. पण त्या मापाचे पाय पुष्कळांस असतात! १९९५ सालीं ज्यूरीनें त्यास निर्दोष ठरविलें. पुढें दिवाणी दाव्यांत, असले बूट आपले नव्हतेच, असें त्यानें शपथेवर सांगितलें; तों १९९३ मधील छायाचित्रें पुढें आलीं, आणि त्यांत तसेच बूट त्याच्या पायांत! १९९७ सालीं ज्यूरीनें त्यास त्या मृत्यूंबद्दल जबाबदार धरलें.

आम्हांस एक उणीव मात्र जाणवते. झिजलेली टाच, तळाची चीर, यांवरून एक जोडा तशाच दुसऱ्याहून वेगळा ओळखतां येतो. परंतु ताडून पाहण्यास तो हातीं असावा लागतो. तो जोडा पोलिसांस कधींच मिळाला नाहीं.