बक्षिसावर कापलेला कर परत मिळतो का?

प्रश्न : मी ब्रिटनमध्ये शिकते आणि अर्धवेळ काम करते. माझ्या बँक खात्यावर दरमहा 5 पौंड बक्षीस मिळते. त्यातून कर कापला जातो असे कळले. माझे उत्पन्न तर करपात्र नाही. मग?

उत्तर : हा कर तुम्हाला परत मागता येतो आणि तो मागायलाच हवा. खाते चालू ठेवल्याबद्दल मिळणारे असे मासिक बक्षीस तिथला करविभाग व्याज मानत नाही, ‘वार्षिक देणे’ मानतो. एप्रिल 2016 पासून व्याज कर न कापता मिळते. बक्षिसातून मात्र बँक आधीच 20 टक्के कापते. म्हणजे मूळ रक्कम 6.25 पौंड, कर 1.25. बचतीच्या व्याजावरची सवलत इथे लागू होत नाही. पण 12,570 पौंडांची वैयक्तिक करमुक्त मर्यादा लागू होते. वर्षाचे एकूण उत्पन्न त्याच्या आत असेल तर कापलेला सगळा कर तुमचाच आहे.

वर्षाला 15 पौंडांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. पण मागची चार करवर्षे धरली तर 60 पौंड होतात, आणि कमी कमावणाऱ्याला ती रक्कम लहान नाही. खरेदीवरच्या कॅशबॅकवर सहसा कर कापला जात नाही, म्हणून आधी बँकेचे विवरणपत्र तपासा. मग आर-40 हा अर्ज स्वतःच भरा. त्याला शुल्क नाही, दलालाला वाटा देऊ नका.