अटलांटिसची हवा

'वॉरलॉर्ड्स ऑफ अ‍ॅटलांटिस' हा केव्हिन कॉनर यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट १९७८ साली पडद्यावर आला. समुद्रात बुडालेल्या अटलांटिसची मूळ कथा प्लेटोच्या संवादांतली, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातली. चित्रपटात एकोणिसाव्या शतकातले संशोधक पाणबुड्यांच्या घंटेत बसून समुद्रात उतरतात. एक अजस्र ऑक्टोपस त्यांना ओढून नेतो आणि ते सागराखालच्या नगरीत पोहोचतात. ऑक्टोपसचे सोडून द्या. आपण त्या घंटेकडे पाहू. तिचा तळ उघडा असतो, तरी आतली माणसे बुडत नाहीत. असे का?

पेल्याच्या बुडाशी आतून कागदाचा बोळा घट्ट बसवा आणि पेला उपडा करून बादलीत सरळ खाली दाबा. कागद कोरडाच राहील. आत अडकलेली हवा पाण्याला शिरू देत नाही. मात्र पेला किंचित कलता करा, की बुडबुडे सुटलेच!

बादलीत हे ठीक आहे. समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे १० मीटरवर एकूण दाब दोन वातावरणे. तापमान तेच असेल, तर बॉइलच्या नियमानुसार हवेचे घनफळ निम्मे होणार. घंटा २ मीटर उंच असेल, तर १ मीटरपर्यंत पाणी चढेल. ३० मीटरवर हवेला केवळ अर्धा मीटर जागा उरेल. म्हणून वरून आणखी हवा पुरवावी लागते. धूमकेतूमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या एडमंड हॅलेने वजन लावलेल्या पिंपांतून अशी हवा खाली पाठवली, आणि चार सोबत्यांसह तो सुमारे १७ मीटर खोलीवर दीड तासाहून अधिक वेळ राहिला!

आता अटलांटिसकडे वळू. पाण्यातून डोके वर काढले की नगरीची हवा लागते, असे मानले, तर ती नगरी म्हणजे एक प्रचंड घंटाच झाली. पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथे दोघांचा दाब सारखाच हवा. समजा, नगरी ५०० मीटर खोल आहे. तेथील हवेचा दाब ५१ वातावरणे. त्यात एक पंचमांश प्राणवायू, म्हणजे त्याचा एकट्याचा दाब १० वातावरणांहून अधिक! पाणबुडे हा दाब १.६ वातावरणांपुढे जाऊ देत नाहीत, कारण त्यापुढे झटके येण्याचा धोका असतो. म्हणजे ज्याच्यावाचून आपण जगत नाही, तोच वायू तिथे विष ठरेल.

'सर, नगरी बंदिस्त करून आत साधी हवा ठेवली तर?' असे कोणी विचारील. प्रश्न चांगला आहे. मग भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५०० टन भार येईल, आणि दार उघडायची सोयच राहणार नाही.

तरीही इतक्या खोलीवर माणूस गेला आहे. १९८८ साली फ्रान्सच्या कॉमेक्स कंपनीच्या पाणबुड्यांनी ५३४ मीटरवर काम केले. त्यांच्या श्वासात हायड्रोजन, हेलियम आणि अगदी थोडा प्राणवायू होता. परत येताना घाई चालत नाही. दाब झटकन उतरला, तर रक्तात विरलेला वायू सोडावॉटरच्या बाटलीतल्याप्रमाणे फसफसून बाहेर येतो आणि माणूस दगावू शकतो. म्हणून इतक्या खोलीवरून आल्यावर दाब उतरवायला दिवसच्या दिवस लागतात.

एक गणित करून पाहा. १२ सेंटिमीटर उंचीचा सरळसोट पेला उपडा करून समुद्रात ५ मीटर खोल नेला, तर आत पाणी किती चढेल? उत्तर ४ सेंटिमीटर यायला हवे.