डूलॅली : देवळालीहून निघालेला शब्द

इंग्रजीच्या तासाला एका उताऱ्यात 'डूलॅली' हा शब्द आला. सरांनी अर्थ सांगितला : डोके फिरलेला. शब्द आम्हाला फार आवडला. त्याच आठवड्यात सहावीतला एक नवा कॅडेट रात्री ट्रंकेवर बसून रडताना दिसला. मी त्याला 'डूलॅली' म्हणालो. सगळी डॉर्मिटरी हसली आणि त्याला ते नावच पडले.

पुढे शब्दाचे मूळ पाहायला ग्रंथालयातला मोठा शब्दकोश उघडला आणि थक्क झालो. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा! माझे वडील तोफखान्यात आहेत. त्यांच्या नेमणुकीमुळे माझी पहिली-दुसरी तिथेच झाली.

१८६० च्या दशकात इंग्रजांनी देवळालीला छावणी उभारली. नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक तिथे जहाजाची वाट पाहत थांबत. मायदेशी नेणारी जहाजे साधारण हिवाळ्यातच सुटत. ज्याचे शेवटचे जहाज चुकले, त्याला उन्हाळा आणि पावसाळा तिथेच काढावा लागे. हाताला काम नाही, वर ऊन, आजार आणि दारू. काहींचा तोल जाई. त्याला सोबती म्हणत 'डूलॅली टॅप', म्हणजे देवळालीचा ताप. 'टॅप' हा आपल्या 'ताप'चाच भाऊबंद. फ्रँक रिचर्ड्स या इंग्रजी फौजेतल्या शिपायाने 'ओल्ड सोल्जर साहिब' (१९३६) या आठवणींच्या पुस्तकात या शब्दाबद्दल लिहिले आहे. पुढे 'टॅप' गळून पडला आणि 'डूलॅली' उरला.

व्याकरणात हे विशेषण आहे. ते बहुधा 'गो' या क्रियापदानंतर येते. शब्द बोलण्यातला आहे, म्हणून परीक्षेच्या निबंधात जपून वापरावा.

माझ्या कपाटाच्या दारावर आतून पेन्सिलीच्या रेघा आहेत. सुट्टीला उरलेला एकेक दिवस मी खोडतो. ते सैनिकही दुसरे काय करत होते? घरी जायची वाट पाहणाऱ्यांच्या नावाने मी घरी जायची वाट पाहणाऱ्याला चिडवले होते.

रविवारी त्या कॅडेटला गाठून माफी मागितली आणि ही सगळी हकीकत सांगितली. त्याने विचारले, "मग त्यांचं जहाज आलं का, दादा?"

"आलं की," मी म्हणालो. "आपली उद्यान एक्सप्रेस दिवाळीला."