युद्धावर पैज

२००३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'डार्पा' संस्थेने एक बाजार आखला होता. मध्यपूर्वेत काय घडेल, यावर पैसे लावायचे. अशा बाजारात घटना घडली तर कराराचे १०० मिळतात, नाही तर शून्य. भाव ३० असेल तर लोकांच्या मते शक्यता ३० टक्के. माहिती असलेलाच पैसे लावेल, हा हिशेब. जुलैत दोन सिनेटरांनी आवाज उठवला आणि दुसऱ्याच दिवशी योजना गुंडाळली गेली. २०१० च्या कायद्याने युद्धावरचे करार रोखण्याचा अधिकार तिथल्या नियामकाला दिला.

अंदाज बरोबर येईलही. पण मराठीत 'भाव' म्हणजे दर, आणि मनातला भावही. युद्ध होण्यावर पैसे लावलेला माणूस बातमी ऐकताना आधी कोणता भाव बघेल? मला तरी तिथंच अडतं.