पुडीत काय आहे?

बाळंतपणाची रजा संपवून मी चाकण एमआयडीसीत कामावर रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत अंगावरचं दूध आटू लागलं. मोशीहून कंपनीची बस पहाटे निघायची, घरी परतेपर्यंत दुपार टळलेली असायची. नात्यातल्या मावशींनी आठवडी बाजारातून दूध वाढायचं चूर्ण आणून दिलं. साध्या कागदाची पुडी, वर ना नाव ना घटक. "झाडपाल्याचंच आहे गं, अपाय कसला व्हायचाय?" त्यांच्या बोलण्यात माया होती, आणि मला बाळ उपाशी राहतंय याची धास्ती.

काही दिवसांनी बाळाला जुलाब लागले. ते मलूल पडलं, अंगावर पिईना. बालरोगतज्ज्ञांनी आधी मलाच विचारलं, "तुम्ही काय घेताय?" मी पुडी पुढे केली. त्यांनी ती उलगडून पाहिली. "यात काय आहे, हे मला कळणार कसं?" चूर्ण बंद झालं, बाळाला सलाईन लागलं, सुदैवाने ते सावरलं. जुलाब चूर्णाने झाले की आणखी कशाने, हे मात्र शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पुडीवर काहीच लिहिलेलं नसलं की डॉक्टरांचेही हात बांधले जातात.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, भाजीतली मेथी, जेवणानंतरची बाळंतशोप यांना माझा विरोध नाही. पण ताटातली मेथी आणि चमचे भरभरून घेतलेलं मेथीचं चूर्ण एक नव्हे. मोठ्या मात्रेत ती रक्तातली साखर उतरवते. मधुमेहाची गोळी चालू असलेल्या बाळंतिणीला ते महागात पडू शकतं. दशमूलारिष्टासारखी औषधं आंबवून करतात, त्यामुळे त्यांत मद्यार्क असतो आणि मद्यार्क दुधात उतरतो. काढा म्हणून ती मनाला येईल तेवढी पिऊ नयेत.

याहून गंभीर गोष्ट जड धातूंची. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या दुकानांत मिळणारी 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली गेली; त्यांतल्या 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिसं आईच्या दुधातून बाळापर्यंत पोचतं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. चूर्ण नुसतं पाहून ते ओळखता येत नाही. म्हणून उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, घटक आणि मुदत छापलेली नसेल, तर ते घेऊच नये. छापलेलं असलं तरी बाळाला पाजत असल्याचं सांगून, शिकलेल्या वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

माझं दूध का आटलं, हेही बाळाच्या त्या आजारपणातच उमगलं. दूध जितकं काढलं जातं तितकं तयार होतं. कामाच्या पूर्ण पाळीत स्तन भरून राहिले की शरीर दूध कमी करतं. तिथे शतावरी तरी काय करणार? मी कामावर दूध पिळून काढू लागले, घरी रात्री बाळाला मागेल तितकं पाजलं, आणि दूध पुन्हा वाढलं. मातृत्वलाभाच्या कायद्यात 1961 पासूनच, मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज पाजण्यासाठी दोन जादा मधल्या सुट्ट्या आहेत. आमच्या पट्ट्यात कितीतरी जणींना हे कुणी सांगतच नाही, याचा मला राग येतो. सुपरवायझरकडे त्या हक्काने मागा.

आणि दूध खरंच कमी आहे का, हे आधी पाहा. बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा शू करत असेल, वजन नीट वाढत असेल, तर दूध पुरतंय. नुसतं रडतं म्हणून चूर्ण सुरू करू नका. वजन वाढत नसेल, तर बाजारात जाण्याआधी बाळाला दवाखान्यात न्या, आणि तुम्ही स्वतः घेत असलेली प्रत्येक बाटली, डबी, पुडी पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. त्यांनी विचारायची वाट पाहू नका.