लोडरचा दांडा का वाकतो?

ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेला लोडर शेणखत किंवा मुरूम उचलताना तुम्ही पाहिला असेल. त्याचे बळ हायड्रॉलिक सिलिंडरमध्ये असते. दाबाखालील तेल दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्याला जोडलेला पोलादी दांडा बाहेर सरकतो.

दांडा जितका बाहेर, तितका तो वाकण्याचा धोका अधिक. सडपातळ दांड्याची लांबी दुप्पट झाली, की दाब सोसण्याची त्याची क्षमता चौथाईवर येते. तरीही अनेक चालक बकेट पूर्ण पालथी करून, तिच्या धारेने जमीन खरवडत ट्रॅक्टर मागे घेतात. अशा वेळी मातीचा सारा रेटा पूर्ण ताणलेल्या दांड्यावर येतो. बहुतेक दांडे वाकतात ते असेच. ओझ्याला उगाच दोष दिला जातो.

वाकलेला दांडा ठोकून सरळ करू नये. त्यावरील क्रोमचा थर तडकतो, सील फाटते आणि तेल झिरपू लागते. दांडा बदलणेच बरे. किरकोळ ओरखडा मात्र तेलदगडाने घासून गुळगुळीत करता येतो.

दुरुस्तीपूर्वी बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करावे आणि लिव्हर पुढेमागे हलवून उरलेला दाब सोडावा. गळती बोटाने कधीही चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे. सूक्ष्म छिद्रातून उडणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुई टोचल्याएवढीच दिसते, परंतु शस्त्रक्रियेस काही तासांचा उशीर झाला, तरी बोट गमावण्याची पाळी येऊ शकते.